व्हायरल लोडचा कागद कसा वाचायचा: गावाकडून एआरटीला जाणाऱ्या नव्या माणसासाठी

डिसेंबर २०१९. कापसाची वेचणी ऐन भरात होती. एका दिवसाची मजुरी बुडवून मी जिल्ह्याला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्रात, गेले होते. समुपदेशक ताई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. खिडकीतून गोळ्यांसोबत एक कागद हातात आला. त्यावर लिहिलं होतं: व्हायरल लोड, ८,४००.

तोपर्यंत मला एकच आकडा माहीत होता, सीडी-फोर. तो वाढला की डॉक्टर खूश व्हायचे. माझा २९० वरून ५१२ वर गेला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. म्हणून ८,४०० पाहून मला वाटलं, आपण तर कुठल्या कुठे गेलो. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "आकडा लय वाढला, आता काई भेव नाई." त्या रात्री मी शिरा केला. आठ दिवसांनी केंद्रातून फोन आला. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "हा आकडा वाढायला नको असतो हो. उद्या येऊ शकाल का?"

तो आठवडा कुणाच्याच वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. २०११ साली गरोदरपणात तालुक्याच्या दवाखान्यात माझी तपासणी झाली, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. आता केंद्रात गेले की नव्या आलेल्या बायकांजवळ, पोरांजवळ बसते आणि त्यांचा कागद त्यांना वाचून दाखवते. तेच इथे क्रमाने मांडते.

१. आधी तीन तपासण्या वेगळ्या करा

एचआयव्हीसाठी रक्त घेतलं म्हणजे एकच तपासणी झाली असं वाटतं. पण तपासण्या तीन आहेत आणि तिघींची उत्तरं वेगळी असतात.

पहिली आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, होते. ती रक्तातली अँटिबॉडी शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने जे तयार केलं त्याची खूण. उत्तर फक्त पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. विषाणू किती आहे, हे ती सांगत नाही.

दुसरी सीडी-फोर. आपल्या रक्तात लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांची ही मोजणी. निरोगी माणसात त्या साधारण ५०० च्या वर असतात. २०० च्या खाली गेल्या तर टीबीसारखे आजार लवकर गाठतात.

तिसरी व्हायरल लोड. एक मिलिलिटर रक्तात, म्हणजे डोळ्यांत टाकायच्या औषधाच्या सुमारे वीस थेंबांएवढ्या रक्तात, विषाणूच्या किती प्रती आहेत ते ही तपासणी मोजते. कोरोनात नाकात काडी घालून आरटीपीसीआर करायचे, ही त्याच जातीची तपासणी आहे. फक्त इथे नुसतं 'आहे की नाही' न बघता मोजणी करतात.

मला हे एका शेतकऱ्याने वावराच्या भाषेत समजावलं. त्यानंतर ते कधी विसरले नाही. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला आपण कामगंध सापळे लावतो. सकाळी जाऊन सापळ्यातले पतंग मोजतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग दिसले, तर फवारणीची वेळ झाली असं कृषी सहायक सांगतात. पऱ्हाटी अजून हिरवीगार असते, बोंडं चांगली दिसतात, तरी सापळा आधीच बोलतो. सीडी-फोर म्हणजे पऱ्हाटीची तब्येत आणि व्हायरल लोड म्हणजे सापळ्यातले पतंग. पऱ्हाटी खराब दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. माझं नेमकं तेच झालं होतं. सीडी-फोर ५१२, वजन चांगलं, कामाला तरतरीत, आणि सापळा भरत चालला होता.

म्हणून पहिला नियम पाठ करा: सीडी-फोर वर गेलेला चांगला, व्हायरल लोड खाली आलेला चांगला. मी माझ्या ग्रीन बुकच्या (केंद्रातून मिळणाऱ्या उपचाराच्या पुस्तकाच्या) आतल्या पानावर सीडी-फोरपुढे वर जाणारा बाण आणि व्हायरल लोडपुढे खाली जाणारा बाण काढून ठेवला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पुस्तकातही मी तेच काढून देते.

२. तपासणी कधी व्हायला हवी, ते स्वतः लक्षात ठेवा

आपल्याकडे सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या एप्रिल २००४ पासून फुकट मिळू लागल्या. पण गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांसाठी ठरलेल्या वेळी व्हायरल लोड करायला सुरुवात झाली ती २०१८ मध्ये. त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या लोकांनी कितीतरी वर्षं नुसत्या सीडी-फोरवर काढली. तुमचं नशीब त्या बाबतीत चांगलं आहे.

नेहमीचा क्रम असा: गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी पहिली, बारा महिन्यांनी दुसरी, मग आकडा आटोक्यात असेल तर वर्षातून एकदा. गरोदर बाईची शेवटच्या महिन्यांत, साधारण ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, तपासणी करतात, कारण बाळंतपण कसं सांभाळायचं आणि बाळाला कोणतं औषध द्यायचं हे त्यावरून ठरतं. आकडा वाढलेला असेल किंवा औषधं बदललेली असतील, तर वेळापत्रक वेगळं. ते डॉक्टर सांगतील.

सरकारी केंद्रात याचे पैसे लागत नाहीत. बाहेर यालाच हजारो रुपये मोजावे लागतात.

इथे एक अडचण येते. आता बऱ्याच जणांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. काहींच्या गोळ्या जवळच्या लिंक एआरटी केंद्रात (मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रात) येतात, काहींच्या घरातलं दुसरं माणूस जाऊन आणतं. गोळ्या घरी येतात, पण रक्त काही गोळ्यांसारखं पाठवता येत नाही. वर्ष कधी उलटून गेलं कळतही नाही. म्हणून तारीख केंद्राच्या भरवशावर सोडू नका. मी पोळ्याच्या आसपासची वेळ ठरवून घेतली आहे. निंदण-डवरणी आटोपलेली असते, सोयाबीन सवंगणीला आणि कापूस वेचणीला अवकाश असतो, घरातून निघणं सोपं जातं. तुमच्या कामाच्या हिशोबाने तुम्हीही केंद्रात बोलून बघा. तारीख दहा-पंधरा दिवस अलीकडे घ्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

३. सोबत काय न्यायचं

• ग्रीन बुक. हे विसरलात तर अर्धा दिवस नंबर शोधण्यात जातो.
• आधार कार्ड आणि चालू असलेला मोबाइल नंबर. नंबर बदलला असेल तर त्याच दिवशी सांगा. रिपोर्ट वाईट आला की फोन त्याच नंबरवर जातो.
• आधीचे सगळे रिपोर्ट, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात भिजलेला कागद कुणालाच वाचता येत नाही.
• गोळ्यांची डबी, उरलेल्या गोळ्यांसकट. त्या मोजतात. मोजू द्या.
• तुम्ही घेता त्या बाकीच्या सगळ्या औषधांची पाकिटं: शुगरची, बीपीची, टीबीची, ॲसिडिटीची, आशाताईने दिलेली लोहाची गोळी, वैद्याची पुडीसुद्धा. याचं कारण पुढे येतं.
• डबा आणि पाण्याची बाटली.

एसटी प्रवासात एचआयव्हीसह जगणाऱ्यांना सवलत आहे. त्यासाठी कोणता कागद लागतो ते समुपदेशकाला विचारा. मी स्वतः आमच्या गावच्या गाडीत ती सवलत घेत नाही, कारण कंडक्टर ओळखीचा आहे. तालुक्यापासून पुढे घेते. कुठे घ्यायची, कुठे नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

४. रक्त देण्याच्या दिवशी

व्हायरल लोडसाठी उपाशी राहावं लागत नाही. भाकर खाऊन जा. ६० किलोमीटर उभ्याने एसटीत जाऊन, रिकाम्या पोटी रांगेत चक्कर येऊन पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याच दिवशी शुगर किंवा चरबीची तपासणी असेल तर उपाशी बोलावतात. ते आधी विचारून घ्या.

त्या दिवशीची एआरटीची गोळी चुकवू नका. "खरा आकडा कळावा म्हणून आज गोळी घेतली नाई," असं एक भाऊ मला म्हणाले होते. उलट आहे. गोळ्या रोजच्यासारख्या चालू असताना विषाणू किती दबला आहे, हेच बघायचं असतं.

सकाळी लवकर पोचा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध असतं. त्या रक्तातला वरचा पिवळसर द्रव ठराविक तासांत वेगळा करून थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. विषाणूची खूण नाजूक असते, उन्हात ती टिकत नाही. आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून अनेक ठिकाणी या तपासणीसाठी आठवड्यातले ठराविक दिवस आणि सकाळची वेळ असते. निघण्याआधी फोन करून दिवस विचारा.

एकदा माझ्या रक्ताची नळीत गुठळी झाली आणि नमुना परत आला. मला ते कळलं पुढच्या महिन्यात, गोळ्या घ्यायला गेल्यावर. मनात नाही नाही ते विचार आले. पण 'नमुना नाकारला' याचा अर्थ आकडा वाईट आला असा मुळीच नाही. मोजणी झालीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा रक्त द्यायचं, आणि शक्यतो कळेल त्याच दिवशी द्यायचं.

अंगात ताप असेल, मोठं आजारपण नुकतंच झालं असेल किंवा आठ-पंधरा दिवसांत लस घेतली असेल, तर रक्त देण्याआधी सिस्टरला सांगा. अशा वेळी आकडा थोडा वर जाऊन पुन्हा खाली येऊ शकतो.

५. आकडा मागून घ्या

"रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानून उठू नका. नम्रपणे म्हणा, "ताई, आकडा किती आला तो माझ्या पुस्तकात लिहून द्या, तारखेसकट." रक्त दिलेली तारीख आणि रिपोर्ट आल्याची तारीख वेगळी असते. दोन्ही लिहून घ्या. रिपोर्ट यायला वेळ लागतो. ठरलेल्या दिवसांत आला नाही तर चौकशी करा. रिपोर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.

एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर सोबत बसलेल्या जुन्या माणसाला सांगा. प्रत्येक केंद्रात अशी दोन-चार माणसं असतात. त्यांनाही कधीतरी कुणीतरी असाच हात दिलेला असतो.

६. आता कागद वाचू

सगळ्यात आधी वरचा एआरटी नंबर तुमचाच आहे ना, ते पडताळा. नावं सारखी असतात, नंबर सारखा नसतो.

मग निकाल. तो चार प्रकारांनी येऊ शकतो.

*'टार्गेट नॉट डिटेक्टेड'.* मशीनला विषाणूची खूण सापडली नाही. सगळ्यात चांगलं उत्तर. 'नॉट' शब्द बघून काही जण घाबरतात, काहीतरी नापास झालं असं वाटतं. तसं नाही.

*'४० पेक्षा कमी' किंवा 'लेस दॅन ४०'.* विषाणूची पुसटशी खूण आहे, पण मशीनला मोजता येणार नाही इतकी थोडी. हेही चांगलंच. मशीनप्रमाणे ४० च्या जागी २० किंवा १५० असू शकतं. गेल्या वर्षी २० लिहिलं होतं आणि यंदा १५० आलं म्हणून विषाणू वाढला, असं समजू नका. मशीन बदललं असेल. आकड्याच्या आधी 'पेक्षा कमी'ची खूण आहे का, ते आधी बघा. उघडलेल्या चिमट्यासारखी ती खूण असते, तिचं टोक डावीकडे असतं. त्या एका खुणेकडे लक्ष न गेल्यामुळे रात्र रात्र जागलेली माणसं मला भेटली आहेत.

*१,००० च्या आत मोजलेला आकडा,* जसं १८० किंवा ६४०. सरकारी कार्यक्रमात १,००० च्या आत असलेल्याला विषाणू दबलेला आहे असंच धरतात, औषध बदलत नाहीत. कधी एखादाच वाढलेला आकडा येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा दिसेनासा होतो. पण असे आकडे लागोपाठ येत राहिले, तर मी गप्प बसणार नाही आणि तुम्हीही बसू नका. कुठे गोळी चुकते का, कुठल्या दुसऱ्या औषधाशी भांडते का, हे डॉक्टरांसोबत बसून शोधा.

*१,००० किंवा त्याहून जास्त.* याच्यासाठी पुढचा भाग आहे.

काही कागदांवर आणखी एक छोटा आकडा असतो, त्याला लॉग म्हणतात. माझ्या ८,४०० पुढे लॉग ३.९२ होतं. लॉग म्हणजे मोठे आकडे लहान करून लिहायची पद्धत: १०० म्हणजे २, १,००० म्हणजे ३, १०,००० म्हणजे ४. लॉगचा आकडा ४ वरून ३ वर आला तर दिसायला एकाचा फरक, पण विषाणू दहा पटीने घटलेला असतो. घाईत हाच आकडा व्हायरल लोड समजून "माझा फक्त चार आहे" म्हणत निर्धास्त राहू नका. चारचा लॉग म्हणजे दहा हजार प्रती.

आणि एक. दोन आकड्यांत थोडासा फरक असेल तर त्याला फार अर्थ नसतो. तीच नळी दोनदा मोजली तरी आकडा थोडा हलतो. साधारण तीन पटीने वाढला किंवा घटला, तर तो खरा बदल धरतात. गोळ्या सुरू व्हायच्या आधी लाखांत असलेला आकडा सहा महिन्यांत शंभराच्या आत आला, असं कित्येकांच्या बाबतीत होतं. म्हणून एकटा कागद वाचू नका, मागचा कागद शेजारी ठेवून वाचा.

७. आकडा १,००० च्या वर आला तर

पहिली गोष्ट, गोळ्या बंद करू नका. "लागू होत नाईत तर कशाले खायच्या?" हा प्रश्न मीही विचारला होता. बंद केल्या तर विषाणूला रान मोकळं मिळतं.

दुसरी गोष्ट, औषध निकामी झालं असं लगेच ठरत नाही. बहुतेक वेळा आधी गोळ्या नीट पोटात जातात का, हेच तपासतात. तीन महिने दर महिन्याला बोलावून समुपदेशन करतात आणि मग पुन्हा व्हायरल लोड करतात. तो १,००० च्या आत आला तर त्याच गोळ्या पुढे चालू. पुन्हा वरच राहिला, तर औषध बदलायचं का, हे तज्ज्ञ डॉक्टरांचं पॅनल ठरवतं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ताईंपुढे बसले होते. त्यांनी विचारलं, "गोळी कुठे ठेवता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, तांदळाच्या डब्यात, खाली, फडक्यात गुंडाळून. घरात सासू, जाऊ, पुतणे. नवरा सोडून कुणालाच माहीत नाही. रात्री सगळे झोपल्यावर डबा उघडायचा. वेचणीच्या दिवसांत मी अंगणात पाठ टेकली की झोपून जायचे. दिवाळीत नणंदा आल्या तेव्हा पाच रात्री स्वयंपाकघरात कुणी ना कुणी निजलेलं होतं. त्या पाच रात्री डबा उघडलाच नाही.

ताईंनी कागदावर हिशोब मांडला. महिन्याच्या तीस गोळ्या. पंच्याण्णव टक्के गोळ्या वेळेवर जायला हव्यात. एक चुकली तर कसंबसं जमतं. दोन चुकल्या की आपण पंच्याण्णवच्या खाली. मी तर त्या दोन महिन्यांत चौदा-पंधरा चुकवल्या होत्या आणि दर वेळी खिडकीवर "सगळ्या घेतल्या" म्हणून सांगत होते. कुणी रागावेल या भीतीने. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग आपण डब्याची जागा बदलू."

आम्ही गोळ्या कमरेच्या बटव्यात आणल्या, सुपारीच्या डबीत घालून. आठ दिवसांच्या आठ. मोबाइलवर गजर लावला, तोही आवाज न करता थरथरणारा. नवऱ्याने रोज रात्री "पाणी दे" म्हणून मला उठवायचं, ही आमची खूण ठरली. तीन महिन्यांनी आकडा आला ३२०. पुढे माझी गोळी बदलून टीएलडी नावाची नवी गोळी सुरू झाली, ती दिवसा केव्हाही घेता येते, झोपेची गुंगी येत नाही. तेव्हापासून 'नॉट डिटेक्टेड'.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, समुपदेशकाजवळ खरं बोला. चुकलेल्या गोळ्या लपवल्या तर डॉक्टरांना वाटतं औषध हरलं, आणि चांगलं चालणारं औषध विनाकारण हातचं जातं. एखाद्या दिवशी गोळी राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

८. गोळीला आड येणारी गोळी

ही अडचण गावाकडे सगळ्यात मोठी आहे, आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. यातल्या डोल्युटेग्राव्हिरला लोह, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधं पोटात धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोचू देत नाहीत. गोळी रोज घेऊनही आकडा वर येऊ शकतो.

आपल्या बायकांच्या घरी लोहाची लाल गोळी असतेच. गरोदर असेल तर कॅल्शियमही. पुरुषांच्या खिशात ॲसिडिटीची गोळी किंवा पातळ औषधाची बाटली. ही औषधं सोडायची नाहीत, वेळ वेगळी ठेवायची. टीएलडी आधी घ्या आणि दोन तासांनी ही घ्या. किंवा ही आधी घेतली असतील तर टीएलडी सहा तासांनी. सोपा मार्ग म्हणजे टीएलडी रात्री आणि लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर.

टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते. शुगरची मेटफॉर्मिन घेत असाल तर तिचं प्रमाण डॉक्टरांना बघावं लागतं. म्हणूनच मी वर म्हटलं, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

९. 'दिसत नाही' म्हणजे गेला का?

नाही. पुन्हा पऱ्हाटीकडे या. हंगाम संपला, सापळ्यात एकही पतंग नाही, तरी उभ्या पऱ्हाट्यांत आणि न फुटलेल्या बोंडांत अळी झोपलेली असते. म्हणून तर फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभी पऱ्हाटी, ठेवू नका म्हणून सांगतात. विषाणूही तसाच काही पेशींमध्ये निजून राहतो. गोळ्या चालू आहेत तोवर तो उठत नाही. बंद केल्या की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो.

माझ्या ओळखीच्या एका ताईंचा रिपोर्ट 'नॉट डिटेक्टेड' आला. त्यांनी एका खासगी लॅबमध्ये जाऊन साधी अँटिबॉडी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. त्यांना वाटलं सरकारी रिपोर्ट खोटा. दोन महिने रडून काढले. अँटिबॉडीची तपासणी आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, गोळ्यांनी ती बदलत नाही. याच्या उलट, 'दिसत नाही'चा कागद दाखवून "आमच्या काढ्याने बरा झाला" म्हणणारेही बाजारच्या दिवशी भेटतात. त्या माणसाच्या शरीरात काम गोळ्यांनी केलेलं असतं. अशांच्या नादाने गोळ्या सोडू नका, मी हात जोडते.

पण 'दिसत नाही' याचा एक अर्थ फार मोठा आहे, आणि तो कुणी उघडपणे सांगत नाही म्हणून मी सांगते. गोळ्या नीट घेऊन ज्याचा विषाणू तपासणीत दिसत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. आणि आकडा १,००० च्या आत असेल तर धोका जवळजवळ नाहीच. ज्या नव्याने लग्न झालेल्या पोरापोरींना वाटतं आपलं सगळं संपलं, त्यांनी हे दोघांनी मिळून डॉक्टरांकडून ऐकून घ्यावं. निरोध मात्र दुसरे गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा टाळायला लागतोच. अंगावरच्या दुधाबाबत धोका खूप कमी होतो, पण शून्य म्हणता येत नाही, त्यामुळे तिथे केंद्रातल्या सूचना पाळा.

आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून लहान बाळाची साधी तपासणी पॉझिटिव्ह आली तरी खचून जाऊ नका. त्याच्यासाठी सहा आठवड्यांपासून वेगळी तपासणी असते. माझा मुलगा अठराव्या महिन्यात निगेटिव्ह आला. आता शाळेत कबड्डी खेळतो.

१०. कागद कुणाला दाखवायचा

कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या परवानगीशिवाय तुमचा रिपोर्ट कुणाला सांगायचा अधिकार कुणालाही नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती गुप्त ठेवणं, संमतीशिवाय तपासणी न करणं आणि नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव न करणं, हे सगळं त्यात आहे. कागदाचा फोटो गावातल्या झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर पाठवून छापून घेऊ नका. कागद फाटत आला असेल तर केंद्रातून दुसरी प्रत मिळते का, ते विचारा.

११. गाव सोडून कामाला जाताना

वीटभट्टीवर, सुरतेला, पुण्याला, ऊसतोडीला, कुठेही जाणार असाल तर निघायच्या आधी केंद्रात सांगा. थोड्या दिवसांसाठी जास्तीच्या गोळ्या मिळू शकतात. मुक्काम लांबणार असेल तर तिथल्या एआरटी केंद्रात नाव वर्ग करून देतात. वर्ग करताना शेवटच्या व्हायरल लोडचा आकडा आणि तारीख त्या पत्रावर आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर लिहून घ्या. नव्या जागी तो आकडा नसला तर मागचा हिशोब लागत नाही, आणि पुढची तपासणी कधी करायची हेही कुणाला कळत नाही.

नव्या गावात केंद्र कुठे आहे कळलं नाही तर १०९७ वर फोन लावा. तो नॅकोचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात, नाव सांगावं लागत नाही. पहिल्यांदा लावताना माझा हात थरथरत होता. पलीकडून "बोला ताई, ऐकतो आहे" एवढंच आलं, आणि मी वीटभट्टीच्या मागे बसून अर्धा तास बोलले.